आधी बागेत, मग दुकानात

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. नैसर्गिक खाद्यपदार्थांचे दुकान काढण्यासाठी जागेचे भाडे, फळ्या आणि पाटी यांचा हिशेब तू काटेकोर मांडला आहेस. मात्र विकायचे फळ झाडावर कसे दिसते, हे तू पाहिले आहेस का, याचा उलगडा त्यात होत नाही. म्हणून आज जिप्सी बूट्स या अमेरिकन फळविक्रेत्याविषयी लिहितो.

त्याचे मूळ नाव रॉबर्ट बूट्झिन. तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. भाऊ क्षयाने गेला आणि त्या दुःखातून त्याने निसर्गाच्या सान्निध्यात, निरोगी राहण्याचा निश्चय केला. १९४०च्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जजवळच्या एका दरीत काही मोजक्या दाढीधारी सोबत्यांबरोबर राहिला. ते गुहांत आणि झाडांवर झोपत, ओढ्याच्या पाण्यात आंघोळ करीत आणि हंगाम आला की बागांमध्ये फळतोडणीची मजुरी करीत. लॉस एंजेलिसमध्ये त्याने ‘हेल्थ हट’ हे दुकान थाटले ते १९५८ साली, म्हणजे फळांशी इतक्या वर्षांचा घरोबा झाल्यावर. मला त्याच्या चरित्रातला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

अंजिराचेच पाहा. पिकलेल्या अंजिराची मान फांदीवर आपोआप लवते, साल सैल पडते आणि बुडाच्या डोळ्याशी कधी मधासारखा थेंब दिसतो. हिरवे तोडलेले अंजीर नंतर मऊ पडेल, पण झाडावरची गोडी त्यात उतरत नाही. ज्याने हे हाताने अनुभवले, त्याला व्यापारी पेटीवर काय लिहितो याची फिकीर करावी लागत नाही.

बूट्सचे ते दुकान काही वर्षांतच बंद पडले. तरीही तो खचला नाही. फळे आणि भाज्या गिऱ्हाइकांच्या दारी पोहोचवीत राहिला, स्टीव्ह ॲलनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही फळे घेऊन गेला आणि २००४ साली, वाढदिवस काही दिवसांवर असताना, वारला.

एका बाबतीत मात्र सांभाळ. बूट्सच्या भावाचा क्षय फळांनी बरा झाला नसता. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली शोधले गेले. आपल्या धंद्यात रोगी माणूस आशेने समोर उभा राहतो. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून जांभळाच्या बियांची पूड मागणाऱ्या एका गृहस्थांना मी पुडी बांधून दिली आणि गप्प राहिलो. ती चूक मला आजही टोचते. अशा वेळी पुडी देऊ नकोस. आधी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठव.

पुरंदरच्या अंजिरांचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्यात तोडणीला येतो. तिथे एखाद्या शेतकऱ्याकडे आठवडाभर राहा, पहाटे त्याच्याबरोबर तोडणी कर, कुठले फळ तो टोपलीत घालतो आणि कुठले झाडावर ठेवतो ते पाहून मला कळव. तोवर भाड्याच्या करारावर सही करू नकोस.

तुझा हितचिंतक