दोन वर्षं कुठल्या इंजेक्शनपासून मोजायची?

प्रश्न : आम्ही निपाणीचे. क्युरेटिंगनंतर गर्भाशयाचं अस्तर 5 मिमीच्या वर जात नाही. कोल्हापूरच्या एका क्लिनिकने कमरेच्या हाडातून मज्जा काढून 'स्टेम सेल' म्हणून इंजेक्शनने दोनदा सोडली, पहिल्यांदा 23 आणि नंतर 21 महिन्यांपूर्वी. 3 लाख 80 हजार घेतले, फरक शून्य. आता 'थांबा, तिसरं फुकट करू' म्हणतात. पैसे परत मिळतील?

उत्तर : ताई, गुण आला नाही एवढ्यावर केस उभी राहत नाही. तुमचं सगळं अडकलंय ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 मध्ये : तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. समोरचा वकील पहिल्या इंजेक्शनपासूनच मोजणार, म्हणजे हातात एक महिना. क्लिनिकच्या 'थांबा'ने मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. दर सोनोग्राफीत 5 मिमी दिसत असताना इतके महिने गप्प का बसलात, याचं उत्तर ग्राहक आयोगाला काय देणार?

मुद्दा मात्र दमदार आहे. पाळीनंतर अस्तर पुन्हा उभं करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, तळच्या थरात असतात. क्युरेटिंग खोल गेलं तर तोच थर खरवडला जातो. त्यावर मज्जेतल्या पेशी देऊन बघणं अजून प्रयोगातच आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे फक्त मंजूर ट्रायलमध्ये करता येतं, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पावतीवर 'पीआरपी' असेल तर गोष्ट वेगळी. ते रक्तातल्या प्लेटलेट्सचं असतं, स्टेम सेलचं नव्हे.

म्हणून आजच केसपेपर लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने; 72 तासांत देणं बंधनकारक आहे. मज्जा किती मिली काढली, कुठल्या लॅबने पेशी वेगळ्या केल्या, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय नंबर (ट्रायलची सरकारी नोंदणी), हे नाव घेऊन मागा. कागद आले नाहीत तरी तक्रार अडवून ठेवू नका. अर्जाची पोचच पुरावा होईल.

कोल्हापूरला खेटे नकोत. कलम 34 प्रमाणे राहत्या जिल्ह्यात, बेळगावच्या आयोगात दाखल करता येतं, ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरूनही. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत, म्हणून फी नाही. मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. ते आधी हाती घ्या, त्यातच दिवस जातात. निकाल 3 महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. त्यावर विसंबून कुणाकडून उसने पैसे मात्र घेऊ नका.

भरपाई किती, ते कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. आणि तिसऱ्या इंजेक्शनला गेलातच, तर सहीच्या कागदात 'आधीच्या उपचाराबद्दल तक्रार नाही' अशी ओळ घुसवली आहे का, ते आधी वाचा.