घाटात काटा लाल रेषेवर

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी १७ वर्षांची आहे. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात तापते, हायवेला मात्र ठीक चालते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालतो. इंजिन उतरवावं लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, एवढ्यात इंजिनाला हात लावू देऊ नका. हायवेला समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. घाटात वेग नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. गाडी दारातच चालू ठेवून बघा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तरी पंखा फिरेना, तर फ्यूज, रिले, सेन्सर तपासून घ्या.

आणि ते बोअरचं पाणी आजच बंद करा! क्षार नळ्यांत बसतात. गॅरेजात मी असा एक रेडिएटर उघडला, तर आत पांढरा थर, नखानं खरवडला तरी निघेना. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

घाटात तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला. गरम असताना झाकण उघडू नका. वाफेनं हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी दिसली, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याची शंका. मग गाडी चालवत नको, ओढूनच आणा.