प्रेम आणि संशय एकाच गाठीत बांध

अगं, तुझ्या रहस्यकादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. खून छान जमलाय, पण प्रेम पाहुण्यासारखं येऊन जातं. नायिकेला ज्याचा आधार वाटतो, त्याच्याच शर्टाच्या खिशात तिला हरवलेल्या बहिणीचं एसटीचं तिकीट सापडू दे. चुरगळलेलं, धुण्यात अर्धं विरघळलेलं. मग त्याने नुसता हात धरला तरी वाचकाच्या पोटात गोळा येईल. डॅफ्नी द्यु मॉरिए यांच्या १९३८च्या ‘रिबेका’ कादंबरीत नायिकेचं नवऱ्यावरचं प्रेम आणि त्याच्या पहिल्या बायकोची धास्ती अशीच हातात हात घालून वाढते. पुन्हा वाच.

गुन्हेगार कोण, हे आधी ठरव. मी ठरवलं नव्हतं. २०० पानं टाकून द्यावी लागली, फार रडले होते. कुणाला काय कधी कळतं, याची वेगळी वही ठेव. दिवाळी अंकाला द्यायचं असेल, तर पावसाळ्याआधी पहिला खर्डा हातावेगळा कर.