कोणती नोट सरळ द्यायची आणि कोणती घडी घालून

लाडक्या चिमणे,

मे महिन्यात मामाच्या लग्नात पाकिटांचा ढीग पाहून तू विचारलं होतंस, की इथे जर्मनीत लोक भेटीच्या नोटांचे मासे, सदरे, होड्या करून देतात, मग आपल्या गावात सगळे नुसतं पाकीट का देतात? आणि आता पोळ्याला आजीकडे जाताना आपण तशा नोटा केल्या तर चालेल का? दोन्हीचं उत्तर लिहून देते, म्हणजे तिकडे तुझ्याजवळ राहील.

आधी पाकिटाचं. मांडवात स्टेजच्या बाजूला टेबल टाकून एक काका वही घेऊन बसले होते ना? प्रत्येकाचं पाकीट उघडायचं, रक्कम मोजायची आणि नाव, गाव, आकडा लिहायचा, हेच त्यांचं काम. ती आहेराची वही. लग्नाचा खर्च एका घराच्या आवाक्यातला नसतो. आपला विदर्भाचा भाग कापसाचा. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, कापूस विकला की हातात पैसा येतो आणि पुढच्या पेरणीपर्यंत त्यातच सगळं भागवायचं असतं. अशा घरात मुलाचं किंवा मुलीचं लग्न निघालं की सगळं गाव आणि सगळे सोयरे थोडा थोडा भार उचलतात. कोणी 101, कोणी 251, जवळचे 1101. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की आबाजी ही वही काढतील, त्यांचं नाव शोधतील आणि आलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच पाकिटात घालतील. याला आहेर फेडणं म्हणतात. माझ्या लग्नातली वही आजीने अजून लोखंडी कपाटात ठेवली आहे. तिच्या फडताळातल्या पाण्याच्या गुंडावर, परातीवर देणाऱ्यांची नावं कोरलेली तू बोटाने वाचली होतीस, तेही तेच. तेव्हा पुष्कळ लोक भांडी द्यायचे.

म्हणून लग्नातली नोट सरळ हवी. ती एका घराने दुसऱ्या घराला द्यायची आणि वहीत चढायची असते. बाहेर पंगत बसलेली, समोर माणसांची रांग, आणि त्या काकांनी एकेक मासा उलगडत बसायचं, हे बरं नाही. पाकिटावरचं एक रुपयाचं नाणंही उगीच चिकटवलेलं नसतं. शंभरावर हिशोब पूर्ण होतो. वरच्या एकाने तो पुढे चालू राहतो. आजी त्याला शकुन म्हणते. मला तो रुपया फार आवडतो.

वरातीत तू आणखी एक गोष्ट पाहिलीस. नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार होता आणि नाचणारे लोक त्याच्यावरून नोटा ओवाळून उधळत होते. ते करू नये, असं मला मनापासून वाटतं. रिझर्व्ह बँकेनेही लोकांना सांगितलं आहे की नोटांचे हार, खेळणी करू नका, मांडव सजवू नका, कार्यक्रमात नोटा उधळू नका, आणि नोटांना स्टेपलरची पिन मारू नका. पण माझं कारण वेगळं आहे. बँडवाला पोरगा नाचणाऱ्यांच्या पायांमधून ती दहाची नोट उचलतो, तेव्हा त्याचे हात तुडवले जातात. त्याला काही द्यायचं असेल तर थांबून हातात द्यावं. आबाजी तसंच देतात, तू पाहा.

आता तुझ्या घड्यांचं. नोट वहीत न जाता सरळ एखाद्याच्या हातात जाते, तिथे तू हवी तशी हौस कर. राखीची, भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवस आणि तान्हा पोळा. तू जाते आहेस तोच सण यासाठी सगळ्यात चांगला. श्रावणातल्या अमावास्येला मोठा पोळा असतो. बैलांना झूल, बाशिंग, घुंगरं घालून मिरवतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, आणि मग बैल घरोघरी पूजेला आणणाऱ्याला पैसे देतात. तो बोजारा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी लहान मुलं चाकांचा लाकडी नंदी ओढत दारोदार येतात आणि बोजारा त्यांना मिळतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली हा सण सुरू केला असं सांगतात. विदर्भाबाहेरच्या कितीतरी मराठी मुलांना तो माहीतही नाही. आजीबरोबर तू दारात बस आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर तुझ्या हाताने बोजारा ठेव.

त्यासाठी दहाची नोट घे. ती 123 मिलिमीटर लांब आणि 63 रुंद असते, म्हणजे मधोमध दुमडली की जवळजवळ चौरस होतो. कागदाच्या बऱ्याच घड्या चौरसापासूनच सुरू होतात. आपली पाच युरोची नोट 120 बाय 62 आहे, तेव्हा इथे तिच्यावर सराव करून जा. दोन्ही नोटांचा कागद कापसाचाच. म्हणून पुष्कळ घड्या घातल्या तरी तो चटकन फाटत नाही आणि हाताने दाबला की पुन्हा सरळ होतो. कपाशीच्या गावात जन्मलेल्या मला हे फार छान वाटतं.

सदरा असा करायचा. नोट लांबीच्या बाजूने मधोमध दुमडून उघड, म्हणजे मधली रेघ मिळेल. दोन्ही लांब कडा त्या रेघेपर्यंत आण. आता अरुंद पट्टी झाली, तिची फट वर असू दे. एका टोकाची नखभर पट्टी मागे दुमड, मग त्या टोकाचे दोन्ही कोपरे पुढून तिरपे मधल्या रेघेवर आण. झाली कॉलर. दुसऱ्या टोकाला फटीजवळचे दोन आतले कोपरे धरून तिरपे बाहेर ओढ, इतके की बाजूंच्या कडांबाहेर डोकावतील. त्या बाह्या. शेवटी ते टोक वर दुमडून त्याची कड कॉलरच्या टोकांखाली सरकव. पहिल्यांदा बाह्या छोट्या येतील, तेव्हा कोपरे आणखी लांबून धर.

अगदी लहानांसाठी फुलपाखरू पुरे. आखूड कडेला समांतर, एकदा पुढे एकदा मागे, पंख्यासारख्या चुण्या घाल, मधोमध दोरा गुंडाळ आणि दोन्ही बाजू पसरव. पूर्ण गोल फूल करायचा मोह होईल, पण ते गोंदाशिवाय टिकत नाही आणि नोटेला गोंद लावायचा नाही. चिकटपट्टी नाही, पिन नाही, कात्री तर नाहीच. फक्त दोरा, तोही सैल गाठीचा. त्या मुलाला दुकानात जाऊन लगेच गोळ्या घ्यायच्या असतील, तर दोरा ओढताच नोट नोटेसारखी झाली पाहिजे.

माझी आवडती मात्र झूल. नोटेचा बैल करू नकोस. बैल तर लाकडाचा समोर उभाच असतो! दारात आलेल्या नंदीच्या पाठीवर नोट आडवी टाक, दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी, आणि पोटाखालून दोरा घेऊन बांध. घडी म्हणावी तर एकच, तीही पाठीवर बसण्यापुरती. बोजारा थेट बैलाच्या अंगावर चढतो आणि मुलाला तो मिरवत पुढच्या दारी नेता येतो. नंदी अगदी बारका असेल तर नोट आधी लांबीने अर्धी कर.

आजी कदाचित म्हणेल, "कायले घड्या घालतं व माय, सरळ दे ना!" तिच्याशी वाद घालू नकोस. एक झूल तिच्यासमोर बांधून दाखव, आणि तरीही नको म्हणाली तर सरळ दे. दार तिचं आहे.

दहाच्या कोऱ्या नोटा ऐनवेळी मिळत नाहीत, म्हणून गावी पोचल्याबरोबर आबाजींना सांग. ते तालुक्याला बँकेत जातील तेव्हा आणतील. गल्लीतली मोठी मुलं सदरा शिकव म्हणून मागे लागतील, त्यांना आधी वहीच्या कागदावर शिकव. आणि मामीला या वर्षी ओवाळणीत काही द्यायचं तुझ्या मनात असेल तर तिच्यासाठी शंभराचा सदरा कर. ती नोट 142 मिलिमीटर लांब असल्यामुळे त्याच्या बाह्या जास्त चांगल्या येतात.

तुझी,
आई