कुसळ, कुसळी आणि डोळ्यातलं कुसळ

प्रश्न असा : माळावर फिरताना पायजम्यात शिरतं ते 'कुसळ' हे गवताचं नाव की त्याच्या काट्याचं? मग 'कुसळी' काय? आणि म्हणीतलं कुसळ हेच का?

कुसळ (नपुंसकलिंगी, अनेकवचन कुसळं) हा गवताचा भाग. दाण्यावरच्या तुसातून निघालेला राठ केस. गव्हाच्या ओंबीवर असतात तीही कुसळंच. कुसळी (स्त्रीलिंगी) हे मात्र एक ठरावीक गवत, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. बोलताना सरमिसळ होते, आणि एकाच दाण्याला तीन कुसळं असणारं अरिस्टिडा हे गवतही 'कुसळी'तच जमा होतं. पूजेतल्या कुशाशी मात्र घोळ घालू नये; ते गवत वेगळं, त्याला अशी लांब कुसळं नसतात.

गंमत म्हणजे टोचतं ते कुसळ नव्हेच. टोचतं ते दाण्याचं बूड : सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले ताठ तांबूस केस. कुसळ असतं दुसऱ्या टोकाला, पाच ते दहा सेंटिमीटर लांब, काळपट, खालच्या भागात पीळ भरलेलं आणि मध्ये वाकलेलं. ओल लागली की पीळ उकलतो, वाळलं की पुन्हा भरतो. वाकलेला भाग आजूबाजूच्या काडीकचऱ्यात अडला की कुसळाऐवजी दाणाच फिरतो आणि मातीत घुसतो. बुडावरचे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. मातीऐवजी कापड किंवा मेंढीची लोकर मिळाली तरी काम तेच. म्हणून शेपटी धरून ओढू नये. ती तुटून हातात येते, टोक आतच राहतं. कापडाच्या आतल्या बाजूने टोक पकडून पुढेच काढावं.

उथळ, मुरमाड, निचऱ्याची जमीन कुसळीला मानवते : सह्याद्रीचे पूर्वेकडचे उतार, दख्खनचे माळ, जिथे वणवा लागतो अशा टेकड्या. वणव्यानंतर ठोंबातून ती पुन्हा फुटते. पवन्या या चाऱ्याच्या गवताच्या कुरणात चराई वाढली की पवन्या हटतो आणि कुसळी माजते. त्याहूनही जास्त चरलं की अरिस्टिडा येतं. माळावर नुसती कुसळीच दिसली, तर ते वाढलेल्या चराईचं लक्षण असू शकतं; पण उथळ जमीन किंवा वणवा हेही कारण असू शकतं.

चारा म्हणून ती वाईट नाही, वेळ मात्र साधावी लागते. फुलोऱ्याआधी कापली तर जनावरं आवडीने खातात. कुसळं पिकल्यावर कापली तर जनावरांच्या तोंडात जखमा होतात. मेंढ्यांच्या कातडीत आणि डोळ्यांतही टोकं शिरतात. कुसळं झडल्यावरचं गवत टोचत नाही, पण तोवर त्यात कस उरलेला नसतो.

'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' यातलं कुसळ हेच. मुसळाशी यमक जुळतंच, पण त्याचा अर्थ नुसता 'कचरा' असा देणारे त्याची धार घालवतात. कचरा पाण्याने निघतो. कुसळ डोळा चोळला की आणखी आत जातं.