बाबांचं तोंड अचानक वाकडं झालं, बोबडं बोलले आणि १५ मिनिटांत सगळं नॉर्मल. डॉक्टरकडे न्यावं का?

हो, आणि आजच, उद्या बघू नको. हा बहुतेक मिनी स्ट्रोक असावा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला नि परत सुरू झाला. आपोआप बरं झालं म्हणून लोक गप्प बसतात, पण यानंतर मोठा झटका यायचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो.

परत असं वाटलं तर त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एखादं वाक्य बोलायला लावा. ओठ एका बाजूला ओढला, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा. अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं हेही त्यातच. कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि सिटी स्कॅन असलेल्याच हॉस्पिटलला न्या, नाहीतर एकाकडून दुसरीकडे फिरण्यात वेळ जातो. तोवर पाणी, गोळी काही नको, अॅस्पिरिन तर नकोच, मेंदूत रक्तस्राव असेल तर अजून बिघडतं. तेलमालीश वगैरे सांगणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात, सोडून द्या.

बीपी सगळ्यात मोठं कारण, त्यात शुगर, तंबाखू (मिश्रीसुद्धा), अनियमित ठोके. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केलीय का, ते आधी विचारा.