सक्ती झाली तर?

प्रश्न : पंधरा वर्षांची लेक चर्चच्या युवा गटाबरोबर साहसी शिबिराला जायचं म्हणते. तिला उंचीची फार भीती वाटते. कडा चढायची सक्ती झाली तर? पाठवू का?

उत्तर : ताई, जरूर पाठवा. आधी शिबिरप्रमुखांना एवढंच विचारा, ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचं तुम्ही काय करता? उत्तर देताना ते अडखळले, तर दुसरं शिबिर शोधा. मी बरीच वर्षं अशा शिबिरांत दोर सांभाळतोय. अर्ध्यातून उतरणाऱ्यालाही आमच्याकडे टाळ्या मिळतात, आणि त्या मनापासून असतात.

चढण्याआधी चढणारा आणि खाली दोर धरणारा एकमेकांचं सामान तपासतात : हार्नेसचे, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या साजाचे पट्टे, इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं लॉक, हेल्मेट. लेकीला सांगा, ही तपासणी स्वतःच्या हातांनी कर. गाठीचे दोन्ही पदर बोटांनी चाचपून पाहिले की भीती बरीच ओसरते. चढाईचा दोर थोडा ताणला जातो, म्हणून निसटलं तरी झटका कमी बसतो, हेही तिला कळू द्या.

रात्री शेकोटीभोवती गाणी, प्रार्थना आणि साक्ष, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, असते. साक्ष देण्याचीही सक्ती नसावी, याबाबत मी फार आग्रही आहे. रविवारी गप्प बसणारी मुलं दिवसभर एकमेकांचा दोर धरल्यावर देवाविषयी आपणहून बोलायला लागतात.

बूट मात्र नवे कोरे देऊ नका, पायाला फोड येतात. दमा किंवा ॲलर्जी असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा.